तिसऱ्या वळणाखालची रोपं

रियाधला मेट्रो सुरू झाली, त्याच हिवाळ्यात मी, नवरा आणि मुलगी रियाध सोडून अबहाला राहायला आलो. नवऱ्याला इथल्या एका हॉस्पिटलात यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली होती. सामान लावून होतंय तोवर मलाही काम मिळालं, आणि तेही इतकं अचानक की दोन दिवस मी माहेरी फोन करून सांगितलंसुद्धा नाही. उगाच दृष्ट लागायची.

मी शेतकी पदवीधर. नाशिकजवळ माहेरी द्राक्षाच्या कलमांची नर्सरी. रोप नुसतं हातात घेऊन ते जगेल की नाही हे वडील सांगायचे, आणि लग्नाआधी मलाही ते थोडंफार जमायला लागलं होतं. पुढे आठ वर्षं रियाधच्या फ्लॅटमध्ये खिडकीतली तुळस आणि पुदिना, एवढीच माझी शेती. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मी नवऱ्याची आश्रित. ओळख करून देताना बायका विचारायच्या, ‘तुम्ही काय करता?’ आणि मी ‘काही नाही’ म्हणायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण पुढे मी जे केलं त्यामागे ही आठ वर्षं होती, हे मला ठाऊक आहे.

कंपनी झाडं लावण्याची कंत्राटं घ्यायची. मॅनेजर पुण्याचे होते, पन्नाशीचे, सौदीत मुरलेले. मुलाखत मराठीतच झाली. शेवटी म्हणाले, “मॅडम, काम तुम्ही चोख कराल, त्याची मला काळजी नाही. फक्त एक सांगतो, इथे वाद घालत बसायचं नाही. क्लायंटला काय हवंय ते बघायचं.”

मी मान हलवली. त्या वेळी कशालाही हलवली असती.

पहिलं काम डोंगरावरचं होतं. अबहापासून तासाभरावर एक घाटरस्ता आहे, सात वळणांचा. तिसऱ्या वळणावर प्रवाशांसाठी नवा सज्जा बांधला होता. तिथे उभं राहिलं की पायाखालून डोंगर कोसळत कोसळत खाली तिहामाच्या, म्हणजे समुद्राकडच्या, सपाटीपर्यंत गेलेला दिसतो. सज्ज्याच्या खालच्या उतारावर तीनशे अरारची रोपं लावायची होती. अरार म्हणजे या डोंगरांचं मूळ झाड. सुरूच्या नात्यातलं, पण सुरूसारखं सरळसोट नाही, पीळदार खोडाचं, निळसर फळांचं. इथल्या जुन्या घरांची आढी अरारची, आणि शेळ्यांच्या जखमांना लावायचं काळं तेलही त्याच्याच लाकडाचं.

रोपं लावण्याआधी पाहणी करून टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीची गाडी मला पहिल्या वळणाशी सोडायची आणि मी एकेक वळण चढत जायचे. हातात वही, गळ्यात मफलर. इतक्या सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते.

पण डोंगर जे दाखवत होता ते सुखाचं नव्हतं. पहिल्या तीन वळणांत मोठे अरार उभ्यानं वाळलेले. शेंड्याकडून सुरुवात होते. आधी टोकं तपकिरी, मग फांद्या, मग सगळं झाड राखाडी. त्यांच्या खाली मी गुडघे टेकून रोप शोधायचे. एकही नाही. होती ती खालच्या गरम उतारावरून वर सरकत आलेली बाभळीच्या जातीची काटेरी पोरं, चांगली तरारलेली. चौथ्या-पाचव्या वळणावर झाडं अर्धी हिरवी, अर्धी वाळकी. सहावं वळण ओलांडलं की मात्र एकदम वेगळा मुलूख. तिथे सकाळी धुकं बसतं. फांद्यांवर हिरवट करड्या दाढ्या लोंबतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्या दगडफुलाचा तो लांब केसांचा भाऊबंद. तो असतो तिथे हवेत ओल असते, हे मी कॉलेजात शिकले होते. आणि मोठ्या झाडांच्या सावलीत, दगडांच्या सापटीत, बोटभर उंचीची अरारची पिल्लं. मी पहिलं पाहिलं तेव्हा मोठ्यानं ओरडलेच. ऐकायला कुणी नव्हतं.

अर्थ सरळ होता. डोंगर तापतोय. थंडी आणि धुकं वर वर सरकतंय. झाडाला पाय नाहीत, पण पाखरं फळं खातात आणि बिया इकडेतिकडे टाकतात. त्यातल्या खाली पडलेल्या मरतात, वर पडलेल्या जगतात. असं करत करत अख्खं जंगल चढ चढतंय. सातव्या वळणानंतर डोंगरच संपतो, ही गोष्ट वेगळी.

मी टिपणात लिहिलं: तिसऱ्या वळणाखाली लावलेली रोपं जगणार नाहीत, सहाव्या वळणाच्या वर लावावीत.

मॅनेजरांनी ते शांतपणे वाचलं. चष्मा काढला.

“मॅडम, सज्जा कुठे आहे?”

“तिसऱ्या वळणावर.”

“मग लोक झाडं कुठे बघणार?”

“पण सर, तिथली मोठी झाडंच मरतायत. ही एवढाली रोपं कशी टिकतील?”

“तीन महिने टँकर आहे. तीन महिने टिकली की आपलं काम झालं. जागा वरून ठरून आलीये, ती आपण बदलायची नसते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचं प्रोबेशन चालू आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच माझं भलं वाटत असावं. मी जागेवर येऊन बसले आणि ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं: ‘पुरेसं पाणी मिळाल्यास जागा योग्य.’ सही केली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तेव्हा मी भाजी चिरत होते. म्हटलं, “ती रोपं काही जगायची नाहीत रे.” तो म्हणाला, “तू सांगितलंस ना त्यांना?” मी म्हटलं, “सांगितलं.” ते खरंही होतं.

लागवड ईदनंतर, एप्रिलमध्ये झाली. मांडव, फोटोवाले, शाळेची मुलं, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग. पाहुणे निघून गेले आणि कामगार उरलेली रोपं लावत होते, तेव्हा उताराखालून एक म्हातारी बाई काठी टेकत वर आली. काळ्या कपड्यांवर पिवळा रुमाल, त्यावर रुंद काठाची गवती टोपी. इथल्या जुन्या बायका अजून ती घालतात. मागे पाच-सहा शेळ्या. तिचं दगडी घर उताराच्या पायथ्याशीच होतं. मी वरून अनेकदा पाहिलं होतं, पण तिथे कुणी राहतं हे माहीत नव्हतं.

तिनं एका खड्ड्याशी वाकून रोप पाहिलं. मग कामगारांना विचारलं, “यातला जाणकार कोण?” त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“तू मुहंदिसा?” म्हणजे इंजिनिअरबाई. तिच्या आवाजात अविश्वास होता आणि थोडं कौतुकही.

“हो, खाला.” इथे वयानं मोठ्या बाईला खालाच म्हणतात.

“ही जागा कुणी निवडली?”

माझं अरबी मोडकंतोडकं, कंपनीच्या नर्सरीतल्या कामगारांकडून उचललेलं. तरी तिचा प्रश्न नीट समजला. मी म्हटलं, “कंपनीनं.”

तिनं काठीनं खाली तिच्या घराकडे दाखवलं. दाराशी एक प्रचंड अरार उभा होता, पूर्ण वाळलेला. “तो माझ्या आजोबांच्याही आधीचा. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याच्याखाली सगळं गाव जेवलं. सहा वर्षं झाली, वरून सुकत आला.” मग एकेक सांगत गेली. लहानपणी हिवाळ्यात शेळ्यांच्या हौदावर सकाळी बर्फाचा पापुद्रा असायचा, तो बोटानं फोडायला भावंडांत भांडणं व्हायची. धुकं दारातून आत यायचं. अकअक नावाचा काळापांढरा पक्षी अंगणातून साबणाची वडी पळवायचा. आता तो पाहायचा तर पार वर जावं लागतं. “सगळं वर गेलं, बिन्ती. मीच खाली राहिले.”

बिन्ती म्हणजे माझी लेक. 

“ही जगतील?” तिनं विचारलं.

“इन्शाल्ला,” मी म्हटलं.

“इन्शाल्ला तर आहेच. ते मलाही म्हणता येतं. तू शिकलेली आहेस. तुला काय माहीत आहे ते सांग.”

कामगार फावडी टेकून ऐकत होते. मॅनेजर वीस पावलांवर फोनवर होते. त्या क्षणी मी काहीही बोलू शकले असते. ‘खाला, मला नाही वाटत’ एवढं पुरलं असतं. अरबीत ते फार अवघड नाही.

मी म्हटलं, “हो, जगतील. पाणी मिळालं तर.”

तिचा चेहरा उजळला हे मी पाहिलं. तिनं रोपाच्या शेंड्याला दोन बोटं लावली, बाळाच्या गालाला लावावीत तशी, आणि शेळ्या हाकत खाली गेली.

टँकर जुलैपर्यंत आला. जुलैत माझं प्रोबेशन संपून नोकरी पक्की झाली. आम्ही सुट्टीत नाशिकला गेलो. मी वडिलांना डोंगराचे फोटो दाखवले, वरचे, सहाव्या वळणाचे. खालचे दाखवले नाहीत.

सप्टेंबरात परत कामावर रुजू झाले तेव्हा रोपांची स्थिती पाहून यायला सांगण्यात आलं. गाडी मोकळी नव्हती म्हणून शुक्रवारी नवऱ्यालाच घेऊन गेले. सज्ज्यावरून खाली नजर टाकली तर अपेक्षेप्रमाणे सगळा उतार तपकिरी. ओळीच्या ओळी वाळून कडकडीत. पण पायथ्याकडे, म्हातारीच्या घराच्या वरच्या अंगाला, काहीतरी वेगळं दिसत होतं. आम्ही उतरलो.

साठेक रोपांभोवती दगडांची आळी केलेली होती. प्रत्येकाच्या पश्चिमेला काठ्या रोवून गोणपाटाचा आडोसा बांधलेला. आळ्यांमधली माती ओली होती. त्यातलीही निम्म्याहून जास्त रोपं गेली होती. पण वीस-बावीस हिरवी होती, म्हणजे हिरवी म्हणावी इतपत. वाटेवर पाण्याचे प्लॅस्टिकचे दोन कॅन उभे होते, दोरीनं एकत्र बांधलेले, खांद्यावर टाकता येतील असे.

ती घरातून धावत आली म्हटलं तरी चालेल. “मुहंदिसा! कुठे होतीस? मी रोज रस्त्याकडे बघायचे.” नवऱ्याला सलाम केला, आम्हाला ओसरीवर बसवलं. कॉफी आली, खजूर आले, मग अरीकाही आला. गरम भाकरी कुस्करून त्यात तूप आणि मध घालतात, आपल्या मलिद्यासारखा. आम्ही खात असताना ती समोर बसून बोलत होती.

टँकर बंद झाल्यावर आठ दिवस तिनं वाट पाहिली. मग म्हणाली, मुहंदिसानं सांगितलंय, पाणी मिळालं तर जगतील. आणि पाणी तर माझ्याकडे आहे. घरामागे पावसाच्या पाण्याचं दगडी टाकं होतं, तिच्या सासऱ्यानं खोदलेलं. त्यातून ती सकाळ-संध्याकाळ कॅन भरून चढायची. सगळी तीनशे झेपली नसती म्हणून जवळची साठ घेतली. यंदा ढग यायचे, पण तिच्या उताराला बगल देऊन वर जायचे. टाक्याचा तळ दिसायला लागला. शेळ्या आणि रोपं, दोघांना पुरेना.

“मग?” नवऱ्यानं विचारलं. त्याचं अरबी माझ्याहून बरं आहे.

“मग शेळ्या मुलाकडे पाठवल्या, शहरात. त्याच्याकडे नळ आहे.” ती हसली. “सून वैतागलीये.”

मी अंगणाकडे पाहिलं. शेळ्या नव्हत्याच. आल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं ते हे.

मग तिनं आपला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. हात खरखरीत, बोटांच्या पेरांना भेगा. म्हणाली, “बिन्ती, मला माफ कर. तू एवढं सांगून गेलीस आणि मी कमी पडले. पाणी पुरलं नाही. म्हातारी बाई, एका दिवसात किती खेपा करणार? चाळीस रोपं माझ्या हातून गेली.”

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “काही हरकत नाही, खाला.”

मी तिला माफ केलं. हे वाक्य लिहिताना आत्ताही माझे कान तापतात. खोटं बोलणारी मी, आणि माफीही मीच दिली. वर तिच्या हातून कॉफीचा दुसरा पेला घेतला. कप हलवला की पुरे असा अर्थ होतो इथे. मी तो हलवायचंही विसरले, म्हणून तिनं तिसरा ओतला.

गाडीत बसलो, नवऱ्यानं दोन वळणं पार केली. मग म्हणाला, “तू तर तेव्हाच म्हणाली होतीस, ही रोपं जगायची नाहीत.”

“हो.”

“आणि हिला काय सांगितलंस?”

मी सांगितलं.

त्यानं गाडी बाजूला घेतली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त म्हणाला, “अगं, त्या साठ खड्ड्यांना तिनं तिच्या प्यायच्या पाण्यातलं पाणी घातलंय.” आणि घरापर्यंत पुन्हा एक शब्द नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी उलट रागावले असते, भांडण झालं असतं, आणि त्या भांडणात मी लपले असते.

पुढचे तीन आठवडे मी डोंगराकडे फिरकले नाही. निमित्तं होतीच: शहरातल्या बागेचं काम, मुलीची परीक्षा. रोज ठरवायचे, या शुक्रवारी जायचं. शुक्रवारी सकाळी कपड्यांच्या घड्या करत बसायचे. सकाळ-संध्याकाळ ती अजूनही चढत असणार हे मला माहीत होतं. मला माहीत असताना ती चढत होती.

ऑक्टोबरात मॅनेजरांनी बोलावलं. “मॅडम, त्या तिसऱ्या वळणाचा रिपोर्ट द्यायचाय. इतकी रोपं का मेली, कारण मागितलंय.”

“काय लिहू?”

“लिहा, स्थानिकांच्या शेळ्यांनी खाल्ली. सगळीकडे तेच लिहितात. कुणी खोदून विचारत नाही.”

मी उभीच राहिले. “सर, तिथे शेळ्या नाहीत.”

“म्हणजे?”

“तिथे एकच घर आहे. त्या बाईंनी रोपांना पाणी पुरावं म्हणून शेळ्या लांब पाठवल्या.”

“मग पाणी कमी पडलं म्हणून लिहा.”

“पाणी कमी पडलं म्हणून नाही मेली. जागा चुकली. मी फेब्रुवारीत लिहिलं होतं.”

“आणि मग खोडलंत. सही तुमची आहे, मॅडम.”

हे त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही. वस्तुस्थिती सांगावी तसं सांगितलं. आणि तेच मला लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. मी त्या दिवशी रिपोर्ट लिहिला. ही उंची आता अरारला सोसत नाही. मूळ पाहणीत हे दिसलं होतं. टिपणात ते वगळलं ते मी वगळलं. पुढची लागवड सहाव्या वळणाच्या वर करावी. मॅनेजर म्हणाले, “हे तुमच्या नावानं जाईल हं. मी मधे नाही.” मी म्हटलं, “जाऊ द्या.” घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “बहुतेक नोकरी खलास.” तो म्हणाला, “बघू.”

दोन आठवड्यांनी क्लायंटकडून उत्तर आलं. चार ओळी. पुढची खेप वर लावण्यास हरकत नाही. जिवंत रोपं हलवता येत असल्यास हलवावीत. आणि शेवटची ओळ: उंचीची ही अडचण सुरुवातीलाच का कळवली नाही?

एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी काढून टाकलं नाही. फेब्रुवारीत ते वाक्य तसंच ठेवलं असतं तरी कदाचित हेच उत्तर आलं असतं. ज्या भीतीपायी मी एका म्हातारीला उन्हाळाभर डोंगर चढायला लावला, ती भीती मी तपासूनसुद्धा पाहिली नव्हती. मॅनेजरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

त्याच आठवड्यात मी टॅक्सी करून एकटी गेले. नवरा येतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं. ती आळ्यांतली पानं वेचत होती. मला पाहून हसली, कॉफी ठेवायला आत वळली. मी म्हटलं, “खाला, आधी बसा. मला बोलायचंय.” अरबीत तू-तुम्ही नाही. पण मनात मी तिला अहोजाहोच करत होते. एकेरीत हे बोलायची मला हिंमत नव्हती.

वाक्यं मी घरी पाठ करून आले होते. तरी अडखळले. सांगितलं की ही रोपं इथे जगणार नाहीत हे मला लावायच्या आधीपासून ठाऊक होतं. पाणी कितीही घातलं असतं तरी फार तर थोडी लांबली असती. तुम्ही कमी पडला नाहीत.

ती ऐकत होती. मग विचारलं, “मी तुला विचारलं, त्या दिवशी तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मी माफी मागितली, त्या दिवशीही?”

“हो.”

तिनं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. तिचे केस मी पहिल्यांदाच पाहिले. मेंदीनं लाल, मुळाशी पांढरे. मग ती वाळलेल्या मोठ्या झाडाकडे बघत राहिली.

“मी रोज झोपताना हिशेब लावायचे,” ती म्हणाली, “आज कुठल्या झाडाला कमी घातलं. रोज स्वतःला बोल लावायचे.”

मी ‘मला माफ करा’ म्हणाले. ते शब्द तिनं ऐकले की नाही, मला सांगता येणार नाही. ती उठली, कॅनांची दोरी सोडली, दोन्ही कॅन उचलून आत नेऊन ठेवले आणि दारात उभी राहून म्हणाली, “मुहंदिसा, तुझी टॅक्सी थांबली आहे.”

बिन्ती म्हणाली नाही. कॉफीही नाही. या डोंगरात दारात आलेल्या माणसाला कॉफीशिवाय पाठवत नाहीत.

जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, आम्ही जिवंत रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढली. तोवर सतरा उरली होती. ती काढायला तिची परवानगी लागणार नव्हती, जमीन तिची नव्हती. तरी मी दारावर थाप मारली. दार तिच्या मुलानं उघडलं. मी विचारलं तेव्हा तो आत जाऊन आला आणि म्हणाला, “आई म्हणते, न्या.” मागे अंगणात शेळ्यांचा आवाज येत होता. परत आणल्या होत्या. तेवढं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

सहाव्या वळणाच्या वर, मोठ्या झाडांच्या उत्तरेकडच्या सावलीत, ती सतरा लावली. खड्डे यावेळी मीही खणले. कामगार हसत होते. दर शुक्रवारी आम्ही घरची तिघं जातो. मुलगी दाढ्यांचे फोटो काढते आणि इंग्रजीतून प्रश्न विचारते, नवरा मराठीतून उत्तरं देतो. दोन रोपं गेली. बाकीची आहेत. अरार इतका सावकाश वाढतो की ही खरंच लागली की नाही हे कळायला मी या देशात असेन असं वाटत नाही.

गेल्या महिन्यात मंगळवारच्या बाजारात ती दिसली. तुळशीसारख्या वासाच्या पाल्याच्या जुड्या विकत घेत होती; इथल्या बायका त्या रुमालात खोचतात. मला वाटलं, मागच्या मागे वळावं. पाय वळलेही होते. मग तशीच पुढे गेले आणि म्हटलं, “अस्सलाम अलैकुम, खाला.”

तिनं पाहिलं. ओळखलं. “व अलैकुम अस्सलाम,” म्हणाली. सलामाचं उत्तर द्यावंच लागतं. मग पुन्हा पालेवालीकडे वळून, या जुड्या शिळ्या आहेत, ताज्या काढ, म्हणून तिच्याशी वाद घालू लागली. मी तिथे क्षणभर उभी राहिले आणि भाजी घ्यायला पुढच्या गल्लीत गेले.